पिंप गळतंय? भंगारात देण्याआधी हे वाचा!

सकाळी नळ येऊन गेलाय, तुम्ही दोनशे लिटरचं निळं पिंप काठोकाठ भरलंय आणि संध्याकाळी झाडांना पाणी घालायला गच्चीवर जाता तर पिंप अर्धं! बाकीचं पाणी कुठे गेलं ते खालच्या मजल्यावरच्या काकू सांगतात. आमच्याकडे गेल्या मेमध्ये हेच झालं, आणि तेव्हा पाणी चार दिवसांनी यायचं. मग काय, मळून लावायचं एपॉक्सी आणलं, भोक बुजवलं, भारी वाटलं. तिसऱ्या दिवशी अख्खी टिकली हातात!

चूक माझीच होती. ही पिंपं एचडीपीई प्लास्टिकची असतात. बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा दिसला की समजा. हे प्लास्टिक मेणासारखं बुळबुळीत, त्यावर नेहमीचा कुठलाच गोंद नीट धरत नाही.

भोक गोल आणि लहान असेल तर तुम्ही नशीबवान. हार्डवेअरच्या दुकानात स्टीलचा बोल्ट, नट, दोन रबरी आणि दोन स्टीलचे वायसर मागा. आतून-बाहेरून रबर पिंपाला टेकलं पाहिजे, त्यावर स्टीलचा वायसर, मग नट. आवळताना ताकद दाखवू नका, रबर जरा दबलं की बस. आणि भोक बुडापासून चार बोटं वर असेल तर ते मोठं करून सरळ टँक निपल आणि तोटी बसवा. मग वाकून मग बुडवत बसायला नको!

चीर गेली असेल तर काम नाजूक. पिंप खडखडीत वाळवा. चिरेच्या दोन्ही टोकांना ड्रिलने बारीक भोक पाडा, नाहीतर पाण्याच्या दाबाने ती पुढे पुढे सरकते. कडा पॉलिश पेपरने घासा आणि सोल्डरिंग आयर्नने वितळवून सांधा. भर मात्र त्याच जातीच्या प्लास्टिकची हवी. भंगारवाल्याकडे फुटक्या निळ्या पिंपाचा तुकडा सहज मिळतो, त्याच्या पट्ट्या कापा. पट्टी नुसती वर चोपडून उपयोग नाही, खालचं प्लास्टिकही वितळून दोन्ही एकजीव व्हायला हवं. एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं आणि आयर्न त्याहून कितीतरी तापतं, म्हणून काळं पडेपर्यंत दाबून धरू नका. हे सगळं उघड्यावर करा, धूर नाकात जातो.

आणि प्लीज, पिंपात आधी काय होतं ते कळल्याशिवाय त्याला गरम हत्यार लावू नका. थिनरसारखं काही असेल तर आत उरलेली वाफ पेट घेऊ शकते. असलं पिंप भाजीच्या कुंड्यांसाठीही नकोच. उन्हाने पांढरट पडून जागोजागी तडकलेलं पिंपही सोडून द्या. एक चीर सांधाल, शेजारी दुसरी जाईल.

झालं? आता पिंप जागेवर ठेवूनच भरा, कारण दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारा, झाकण लावा आणि सकाळी बघा.

गळती थांबली की पाणी साठून राहतं, म्हणजे डासांची चंगळ. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. तोंडाला जुनी ओढणी ताणून बांधा आणि आठवड्यातून एकदा पिंप झाडांना रिकामं करून आतून खसाखसा घासा.

आमच्या पिंपाला आता खाली मस्त तोटी आहे. काकूंच्या छताचा रंग तेवढा राहिलाय. तो खर्च माझ्या पॉकेटमनीतून, हे घरात एकमताने ठरलंय.