घास अडकतो तेव्हा

काकांनी पोळी सोडली, पण तसे कोणाला सांगितले नाही. आधी ती आमटीत कुस्करून खायला लागले, मग गुरगुट्या भातावर आले, पुढे नुसती पातळ खिचडी. इंदूरच्या माणसाने पोह्यांवरची शेव बाजूला सारली, तेव्हा काकूंनी मला फोन केला. काकांचे उत्तर तयार होते, "सत्तरी आली, आता काय लाडू खायचेत?"

घास छातीच्या मध्यावर अडकणे हे म्हातारपणाचे लक्षण नव्हे, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब, घासासरशी २ सेंटीमीटरपर्यंत सहज फाकणारी नळी. ती १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद झाली की घट्ट पदार्थ अडकू लागतात. काकांच्या बाबतीत मूळ होते वर्षानुवर्षांची जळजळ. जठरातले आम्ल वर येत राहिले, आतल्या अस्तराला जखमा झाल्या आणि त्या भरताना, भाजल्याचा वण आखडावा तशी नळी आखडली. पण कर्करोगानेही अशीच वाट अडते. म्हणून एंडोस्कोपी करून आधी बायॉप्सीसाठी तुकडा घेतला. ते चार दिवस घरात कोणी नीट जेवले नाही.

रिपोर्ट चांगला आला. मग रुंदीकरण. उपाशीपोटी, गुंगीचे इंजेक्शन देऊन, दुर्बिणीतून मिटलेला फुगा अरुंद जागेपर्यंत नेतात आणि पाणी भरून ठरलेल्या मापापर्यंत फुगवतात. काही वेळा फुग्याऐवजी तारेवरून चढत्या जाडीच्या लवचिक नळ्या सरकवतात. कल्पना तशी जुनीच. इंग्लंडच्या टॉमस विलिस या डॉक्टरने देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून एका रुग्णाची वाट मोकळी केल्याचे १६७४ मध्ये लिहून ठेवले आहे!

चुलतभाऊ म्हणाला, एकदाच काय ते मोठे करून टाका. तसे करत नाहीत. आकुंचन घट्ट असेल तर एका वेळी साधारण ३ मिलिमीटरच वाढवतात, कारण घाईत नळी फाटू शकते. हा धोका थोडा, पण खरा. घरी आल्यावर छातीत जोराची कळ, ताप, धाप किंवा मानेला सूज दिसली तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचे. काकांचा घसा दोन दिवस खवखवला, इतकेच.

दोन-दोन आठवड्यांनी तीन फेऱ्या झाल्या. आम्ल कमी करणारी गोळी मात्र चालूच आहे. ती सोडली तर नळी पुन्हा आखडू शकते. रात्रीचे जेवण साडेसातला आणि पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून उंच केलेली. त्या विटांवर काका फार चिडतात.