स्टिअरिंगची साल का निघते?

बंगळूरच्या यशवंतपूरहून तुमकूर रस्त्याला लागलेली गाडी गोरगुंटेपाळ्याच्या चौकात अडकली की क्लच, गिअर, ब्रेक यांची कवायत सुरू होते. इंजिनाआधी झिजतात त्या हाताखालच्या वस्तू.

स्टिअरिंगच्या चामड्यावर रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ लेप. घाम आणि सनस्क्रीनमधलं तेल त्यावर साचतं. त्यात धूळ मिसळली की ते बारीक पॉलिश पेपरासारखं घासत राहतं. 2020 नंतर सॅनिटायझरची भर पडली. त्यातल्या अल्कोहोलने हा लेप मऊ पडतो. अंगठीने बटणांवरची चिन्हं खरवडली जातात ती वेगळीच.

उपाय स्वस्त आहेत. सॅनिटायझर पूर्ण सुकल्यावरच स्टिअरिंग धरावं. आठवड्यातून एकदा ओलसर मायक्रोफायबर कापडाने स्टिअरिंग, गिअरची मूठ आणि बटणं पुसून लगेच कोरडी करावीत. क्लीनर कापडावर मारावा, थेट बटणांवर नाही. फटीतून आत गेलेलं पाणी स्विच बिघडवतं.

चकाकीसाठीचं सिलिकॉन पॉलिश मात्र स्टिअरिंग आणि पेडलला लावू नये, पकड सुटते. स्टिअरिंग कव्हरही घट्ट बसणारंच घ्यावं. उन्हात गाडी उभी करताना काचेमागे सनशेड लावली, की डॅशबोर्डही टिकतो.