धर्मशाळेचा उंबरठा

मधे मोकळा चौक, भोवती ओसरी, ओसरीला लागून खोल्या आणि जवळच विहीर, ही धर्मशाळेची बांधणी आपल्या पाहण्यातली आहेच. वाटसरू ओसरीवर पथारी टाकी, चौकात तीन दगडांची चूल मांडी. म्हणून खोल्या थोड्या असल्या तरी भागे. पण त्या ओसरीवर सर्वांनाच पाय ठेवता येत नसे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्यात मामाकडे गुरं राखून वाढलेल्या गाडगे महाराजांना हे खुपलं. लोकांकडून पैसा जमवून त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या स्वाधीन केली. तेव्हा जुनी धर्मशाळा पाहाल, तर कमान मागाहून पाहा. तिचा उंबरठा कोणाकोणाला ओलांडता येई, हे आधी विचारा.