सुट्टीतली रहस्यं आणि भुतं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मे महिना लागला की आमच्या वळ गावात रात्री उशिरापर्यंत दोन आवाज ऐकू येतात. एक हळदीच्या मांडवातल्या डीजेचा आणि दुसरा गोदामाकडे वळणाऱ्या कंटेनरचा. शाळा बंद असतात, ऊन मी म्हणत असतं आणि दुपारी बारा ते पाच मुलांनी करायचं काय, हा प्रश्न घरोघरी असतो. एके काळी मराठी घरांत या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर होतं, ते म्हणजे रहस्यकथा.

हे उत्तर घरातल्या मोठ्यांना कधीच पसंत नव्हतं. बाबूराव अर्नाळकरांचं पुस्तक अभ्यासाच्या वहीत लपवून वाचलं जायचं. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव, जन्म 1906 चा. त्यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि त्याचा छोटू, झुंजार, काळापहाड ही नावं पन्नास वर्षांपूर्वी शाळकरी पोरांच्या तोंडी असायची. पुस्तकं छोटी, कागद साधा, किंमत कमी. तरीही विकत घेणारे थोडे आणि भाड्यानं नेणारे फार. गल्लीतल्या लायब्ररीत अनामत भरायची, दिवसाचं भाडं द्यायचं आणि भाडं वाढू नये म्हणून एका दिवसात पुस्तक संपवायचं. भरभर वाचायची सवय या भाड्यानंच लावली, असं मला वाटतं. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांची ‘दुनियादारी’ 2013 च्या चित्रपटामुळे नव्या पिढीला कळली, पण त्याआधी वाचकांनी त्यांना डोक्यावर घेतलं ते दारा बुलंद आणि अमर विश्वास यांच्यामुळे.

आता वळसारख्या गावात हे कशाला सांगायचं? मुंबईची जकात चुकवता यावी म्हणून या पट्ट्यात गोदामं वाढली. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र आणखी वाढली. दहावी झालेला मुलगा पॅकिंगला किंवा माल उतरवायला सहज लागतो. खोक्यावरचा पत्ता त्याला वाचता येतो, बारकोड मारता येतो. पण पाठ्यपुस्तक सोडून एकही पुस्तक त्यानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. घरात आगरी बोलणाऱ्या मुलाला धड्यातलं मराठी तसंही थोडं परकंच. दीडशे पानं सलग वाचायचा दम त्या मुलाला कोण देणार? थोर साहित्य देईलही, पण पहिल्या झटक्यात नाही. रहस्यकथेत वाक्यं आखूड असतात, संवाद भरपूर असतात आणि प्रकरण अशा जागी तोडलेलं असतं की पुढचं पान उलटावंच लागतं. अडलेला शब्द मूल संदर्भानं लावून घेतं, कारण त्याला खुनी कोण हे हवं असतं.

लोक रहस्यकथा आणि गूढकथा यांना एकाच माळेत ओवतात, ते बरोबर नाही. रहस्यकथेत लेखक वाचकाचं देणं लागतो. दार आतून बंद होतं तर मारेकरी बाहेर कसा गेला, याचा हिशेब शेवटी चुकता करावा लागतो. गूढकथेत हिशेब मुद्दाम उघडा ठेवलेला असतो. नारायण धारपांची (1925-2008) घरं आपल्या शेजारच्यांसारखी असतात, माणसं चहा पितात, नोकरीला जातात आणि मग एखादी खोली नको तेवढी गार वाटू लागते. त्यांच्या ‘समर्थ’ कथांत या अनिष्टाशी लढणारा माणूसही आहे. ‘लुचाई’ ही त्यांनी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून बेतली, पण वाचताना परदेशाची आठवण येत नाही. रत्नाकर मतकरींची (1938-2020) तऱ्हा निराळी. त्यांच्याकडे भूत बरेचदा माणसाच्या मनातच दबा धरून बसलेलं असतं. ‘खेकडा’ रात्री एकट्यानं वाचू नये, एवढंच सांगतो.

भुताच्या गोष्टी वाचून पोरं घाबरतील, असं आया म्हणतात. खाडीकाठच्या मुलानं मुंजा, खवीस, हडळ आणि पाण्यातला गिऱ्हा आजीकडून आधीच ऐकलेला असतो, तो नवा काय घाबरणार? उलट छापील भूत पुस्तक मिटलं की गप्प बसतं. तरी वय पाहून पुस्तक द्यावं. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि ते ‘टॉक्’! 2017 चा चित्रपट पाहिलेल्या मुलांनी पुस्तकंही पाहावीत, त्यातला फेणे वयानं त्यांच्याएवढाच आहे. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांनी सुरेख मराठीत आणला आहे. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ जाडजूड असलं तरी सातवी-आठवीची मुलं संपवतात. धारप मात्र पंधरानंतर, आणि मतकरी त्याहून जरा उशिरा. काही जुन्या रहस्यकथांतल्या बायका फक्त किंचाळतात किंवा फसवतात. तिथे मुलींशी, आणि मुलांशीही, चार शब्द बोलावेत.

पुस्तकं मिळवायला वळहून ठाणं काही फार लांब नाही. तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभं आहे. चार घरांनी मिळून एक वर्गणी भरली आणि पुस्तकं आपसांत फिरवली तरी सुट्टी निघते. एक काळजी मात्र घ्या. फार हाताळलेली रहस्यकथा घरी नेण्याआधी शेवटचं पान जागेवर आहे ना, ते तिथेच टेबलापाशी पाहून घ्या. फक्त पाहा, वाचू नका.