एक दम म्हणजे किती?

ज्याला आपण हुतूतू म्हणत वाढलो, त्या कबड्डीच्या नियमांत एक शास्त्रीय शब्द आहे, पण त्याची व्याख्या नाही. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी’ हा शब्द एकाच श्वसनात, न थांबता, स्पष्ट म्हणावा, असा तो नियम. इंग्रजीत ‘रेस्पिरेशन’, मैदानावर आपण त्याला ‘दम’ म्हणतो.

काही वर्षांपूर्वी जळगावात कामगारांचा सामना होता, समोर धुळ्याचा संघ. पंच आम्हीच. आमच्या जिनिंगमधला एक गडी तिघांनी धरला. मध्यरेषा हातभर राहिली आणि त्याला खोकला आला. खोकल्याच्या अलीकडे-पलीकडे ‘कबड्डी’ चालूच होते. आम्ही त्याला बाद दिले.

“दम नही तुटना भाऊ, खोकला उना,” तो म्हणाला.

घरी येऊन आम्ही शरीरशास्त्राचे पुस्तक उघडले. (आमचे शिक्षण असेच, भांडण झाल्यावर.) बोलणे सहसा उच्छ्वासावर चालते. पण सारा उच्छ्वास सोडला तरी फुप्फुसांत लिटरभराहून अधिक हवा उरतेच. जीव कासावीस होतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने. तेव्हा ‘हवा संपली’ हे माप चालत नाही. खोकण्यापूर्वी माणूस बहुधा हवा आत ओढतो. म्हणजे शास्त्र गड्याच्या विरुद्ध गेले. मात्र हवा आत ओढतानाही शब्द उच्चारता येतो, करून पाहा. तेथे आवाज अखंड, पण श्वसन दुसरे!

पंचाला फुप्फुस दिसत नाही, त्याला कान आहेत. म्हणून आमचा अर्थ असा: नियमाला हवा आहे एक श्वास, आणि आवाज हा त्याचा पुरावा. आवाज तुटला की दम गेला. आवाज न तुटता श्वास ओढल्याचे स्वच्छ ऐकू आले, तरी गेला. प्रो कबड्डीत चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे, तरी शब्द म्हणावाच लागतो.

त्याच नियमांत पकडणाऱ्यांना गड्याचे तोंड दाबण्याची मनाई आहे. दम त्याचा त्याने गमवावा, दुसऱ्याने कोंडू नये. येथे आम्ही अडखळलो. हा गडी बारा हंगाम कापसाच्या धुळीत उभा होता. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 13 व्या कलमात ‘पुरेसे वायुवीजन’ असे शब्द होते. किती म्हणजे पुरेसे, हे राज्यांच्या नियमांवर सोपवले होते.

निकाल आम्ही फिरवला नाही. सोमवारी मात्र त्याला बरोबर घेऊन मालकाकडे गेलो आणि धूळ ओढणारा पंखा मागितला. तो बसायला दोन हंगाम लागले.