आत किती, बाहेर किती?

समजा तुमची सहल एका जुन्या किल्ल्यावर गेली आहे. तिथे एक भुयार आहे. एका तोंडाशी बाई उभ्या, दुसऱ्या तोंडाशी सर. बाईंनी मोजली, आत गेली 40 मुले. सरांनी मोजली, बाहेर आली 39! आता भुयारात न डोकावताच कळलं ना, की गडबड आतच आहे?

विजेच्या उपकेंद्रातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे, म्हणजे रोहित्राचे, रक्षण याच युक्तीने करतात. तिचे नाव डिफरन्शियल प्रोटेक्शन, म्हणजे फरकावरून केलेले रक्षण. इंग्लंडमधल्या चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस या अभियंत्यांनी 1904 साली ही युक्ती पुढे आणली.

तारेच्या कुंपणाआड गुणगुणणारी ती अवजड पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्या पोटात लोखंडी गाभा, त्याभोवती तारांच्या गुंडाळ्या आणि हे सगळे तेलात बुडवलेले. तेल गुंडाळ्यांना थंड ठेवते. पण गुंडाळीवरचे आवरण खराब होऊन आत ठिणगी उडाली, तर तेच तेल पेटू शकते! म्हणून दोष क्षणार्धात कळायला हवा.

आता थोडं गणित, बरं का! एक रोहित्र 132 किलोव्होल्टची वीज 33 किलोव्होल्टवर आणते. दाब पाव झाला, की प्रवाह चौपट होतो. आत 150 अँपिअर, तर बाहेर 600. मग तुलना कशी करायची? त्यासाठी दोन्ही बाजूंना प्रवाह मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर बसवतात. त्यांना सी.टी. म्हणतात. एक सी.टी. प्रवाहाला 300 ने भागून दाखवतो, दुसरा 1200 ने. करा पाहू भागाकार! दोन्हीकडे अर्धा अँपिअर. हिशेब जुळला!

हा हिशेब तपासतो रिले. किरकोळ फरकाकडे तो काणाडोळा करतो. बाहेर कुठे झाड पडून तारा एकमेकींना चिकटल्या, तर दोन्हीकडचा प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून रिले गप्प बसतो. पण दोष रोहित्राच्या आत असला, की हिशेब बिघडतो. रिले लगेच सर्किट ब्रेकरना हुकूम सोडतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत वीज बंद!

एक गंमत मात्र आहे. बंद रोहित्र सुरू करताना क्षणभर एकाच बाजूने खूप मोठा प्रवाह आत शिरतो. रिलेला वाटेल, झाला घोटाळा! पण हे नुसते झोपेतून उठतानाचे आळोखेपिळोखे असतात. आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. या प्रवाहात मात्र 100 हेलकाव्यांचाही मोठा अंश मिसळलेला असतो. त्या खुणेवरून रिले ओळखतो, हा दोष नव्हे!

असाच एक पहारेकरी तुमच्या घरीही असू शकतो. त्याचे नाव आर.सी.सी.बी. एका तारेने गेलेला प्रवाह दुसरीने पुरता परत आला का, हे तो पाहतो. कुणाला शॉक बसून थोडा प्रवाह अंगातून जमिनीत गेला, तर हिशेब चुकतो. घरात बहुधा 30 मिलिअँपिअरचा पहारेकरी बसवतात. तेवढा फरक पडला, की तो वीज तोडतो. मात्र जमिनीशी संबंध न येता दोन्ही तारांना एकदम हात लागला, तर त्याला फरक दिसत नाही! म्हणून पहारेकरी असला तरी विजेशी खेळ नकोच.

आज आई-बाबांबरोबर मेन बोर्ड पाहा. आर.सी.सी.बी.वर 'टी' अक्षराचे बटण असते. ते मोठ्यांनाच दाबायला सांगा, हं! खटका पडला तर पहारेकरी जागा आहे. नाही पडला, तर वायरमनकाकांना लगेच बोलवा.