पट्टा, प्रश्नावली आणि खुबा

हालचाल मोजणारं यंत्र काडेपेटीएवढं, वजन जेमतेम 19 ग्रॅम. इलॅस्टिकच्या पट्ट्यात ओवून ते कमरेला उजवीकडे बांधायचं. साडी असेल तर परकराच्या नाडीलगत, नाहीतर दिवसभरात वर सरकतं. आंघोळीला काढायचं, सात दिवस वागवायचं. खुब्याच्या सांध्याची झीज झालेले पेशंट आले की पट्टा आधी आणि प्रश्नावली आठवड्याने, हा क्रम मी पाळते. उलट केलं तर लोक प्रश्न लक्षात ठेवून चालायला लागतात.

प्रश्नावली म्हणजे ‘आयपॅक’, 12 देशांत पारखलेली. गेल्या सात दिवसांत, दम थोडा वाढेल असं काम सलग दहा मिनिटं तरी केलंत का? किती दिवस, किती वेळ?

“अहो, सकाळपासून पाठ टेकायला फुरसत नाही,” एक काकू म्हणाल्या. “रोजचे तीन तास धरा.”

“सलग, काकू?”

“सलग कसं? मध्ये कुकर असतो, दार वाजतं.”

तीन तास लिहिले. पट्ट्याचा आलेख उघडला, तर मध्यम श्रमाची मिनिटं रोज पंधराच्या आत.

काकू थापा मारत नव्हत्या. मिनिटाला 1952 ‘काउंट’ (यंत्राने टिपलेल्या हालचालीचं एकक) ही मध्यम श्रमाची सर्रास वापरली जाणारी रेघ 1998 मध्ये, ट्रेडमिलवर चालवलेल्या 50 निरोगी तरुणांवरून आखलेली आहे. दुखऱ्या खुब्यानिशी लंगडत वाण्यापर्यंत जाणारं माणूस धापा टाकतं, पण कमरेचे धक्के त्या रेघेखालीच राहतात. प्रश्न दमाचा असतो. यंत्राला दम कळत नाही. पाण्याची बादली, सायकल, हेही त्याच्या हिशेबात धड येत नाही. वर तासभर शून्य दिसलं की सॉफ्टवेअर समजतं, पट्टा काढून ठेवलाय. प्रत्यक्षात काकू पोथी वाचत असतात.

तरी नुसत्या फॉर्मवर भिस्त ठेवू नये. लोकांना आठवड्यातला चांगला दिवस आठवतो, बसून गेलेले तास आठवत नाहीत (पुरुष मंडळींना जास्तच, असं माझं मत). दावा जितका मोठा, तितकी तफावत वाढत जाते. सांधा बदलल्यावर तर गंमतच: वेदना झपाट्याने ओसरतात, ‘आता खूप चालतो’ असं फॉर्म सांगतो, आणि पट्ट्यावरचं चालणं मात्र त्या मानाने फारसं वाढलेलं नसतं. वर्षानुवर्षं खुर्ची धरून बसायची सवय ऑपरेशनने जात नाही. म्हणून घरचा व्यायाम आखताना मी आधी आलेख उघडते. वाण्याचं दुकान की पोस्ट, कुठवर चालायला सांगायचं, ते मग फॉर्ममधल्या दमाच्या उत्तरावरून ठरवते.